लष्कराच्या भाकऱ्यांचा हिशेब

पुण्यातल्या एका वस्तीत चालणाऱ्या बालवाडीची आणि अभ्यासिकेची व्यवस्था काही वर्षे माझ्याकडे होती. एका शनिवारी एका मोठ्या कंपनीचे बासष्ट कर्मचारी बालवाडीच्या भिंती रंगवायला आले. वस्तीच्या गल्लीत रिक्षासुद्धा जेमतेम शिरते, त्यामुळे त्यांच्या दोन बस मुख्य रस्त्यावरच थांबल्या आणि मंडळी एकसारखे टी-शर्ट घालून रांगेने चालत आली. दुपारी दोनपर्यंत भिंतींवर सूर्य उगवला, फुलपाखरे उडाली आणि एक लांबलचक आगगाडी धावू लागली, जिच्या प्रत्येक डब्यावर एकेक अक्षर होते. फलक धरून छायाचित्र निघाले, टाळ्या झाल्या, मंडळी परतली. सोमवारी बालवाडीच्या ताईंनी मला हाताला धरून भिंतीपाशी नेले आणि विचारले, “सर, ‘ळ’ कुठंय?” आगगाडी ‘ह’ वरून थेट ‘क्ष’ वर गेली होती आणि पुढे ‘त्र’चा एक जादा डबा जोडलेला होता. रंगवणाऱ्यांनी मोबाइलवर सापडलेला वर्णमालेचा तक्ता समोर ठेवला होता आणि तो हिंदीचा होता. ज्या मुलांना बाळ, फळ, केळे, कावळा आणि शाळा हे शब्द शिकायचे होते, त्यांच्या भिंतीवर ‘ळ’च नव्हता.

चूक त्या बासष्ट जणांची नव्हती. कोणता तक्ता वापरायचा हे त्यांना आधी कळवणे आणि काम चालू असताना शेजारी उभे राहणे हे माझे काम होते. परंतु त्या आठवड्यात बस कुठे उभ्या करायच्या, इतक्या जणांचे जेवण कुठून आणायचे, महिलांसाठी स्वच्छतागृह कोणाच्या घरी मागायचे आणि रंगाचे डबे रात्री कुठे ठेवायचे, यातच मी आणि माझा एक सहकारी बुडालेलो होतो. आमचे दोघांचे पाच दिवस त्या एका दिवसाच्या पोटात गेले. त्या शनिवारी बालवाडी भरली नाही. शिवाय ज्या भिंती रंगवल्या, त्या आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीने रंगवून दिलेल्या होत्या आणि त्यांचा रंग अजून चांगला होता. आम्ही हे सांगू शकलो असतो. सांगितले नाही, कारण त्या शनिवारी येणाऱ्या कंपनीकडेच आमचा पुढच्या वर्षाच्या अर्थसाहाय्याचा प्रस्ताव पडून होता.

घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे, असे आपण मराठीत म्हणतो, आणि म्हणताना आपले सगळे लक्ष भाजणाऱ्याच्या त्यागाकडे किंवा वेडेपणाकडे असते. पीठ कोणी दळले, सरपण कोणी फोडले, चूल कोणी पेटवून ठेवली आणि भाजलेल्या भाकऱ्या किती जणांनी खाल्ल्या, हे त्या वाक्प्रचारात कुठेच येत नाही. स्वयंसेवी संस्था आणि कंपन्या मिळून आज जे कार्यक्रम चालवतात, त्यांचे बहुतेक अपयश याच न विचारलेल्या प्रश्नांत आहे, असे माझे मत आहे. स्वयंसेवक फुकट असतो ही समजूत दोन्ही बाजूंना सोयीची आहे. तो फुकट नसतो. त्याच्या येण्याची किंमत असते, आणि ती किंमत कोण भरणार हे आधी ठरले नाही तर ती नेहमी दुबळ्या बाजूकडून वसूल होते. ही दुबळी बाजू म्हणजे संस्था, आणि संस्थेतही सर्वांत कमी पगाराचे माणूस.

महाराष्ट्राला विनामोबदला कामाची परंपरा नवी नाही. गाडगेबाबा गावात आले की दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. त्यांच्याबरोबर झाडायला उतरलेल्या माणसांना ओळखपत्र नव्हते. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखांमधून आणि सेवापथकांमधून कार्यकर्त्यांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले-मुली येत राहिली. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती: येणारा माणूस कामाच्या शिस्तीत येत असे. काय करायचे, कधी उठायचे, कुठे झोपायचे, हे यजमान ठरवत असे. आपल्याकडे ‘कार्यकर्ता’ हा शब्द ‘स्वयंसेवक’ या शब्दापेक्षा वजनदार वाटतो, त्याचे कारण बहुधा हेच असावे. स्वयंसेवक स्वतःच्या इच्छेने येतो, कार्यकर्ता मात्र कार्याला बांधलेला असतो. आजच्या कंपनी-प्रायोजित कार्यक्रमात ही दिशा उलटली आहे. तारीख कंपनी ठरवते, संख्या मनुष्यबळ विभाग ठरवतो, वेळ बसच्या भाड्यावरून ठरते आणि मग संस्थेला विचारले जाते की एवढ्या माणसांना देण्याजोगे काय आहे.

हे असे का झाले, याचा एक धागा कायद्यापर्यंत जातो. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ५०० कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी कोणतीही एक पातळी गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर (सीएसआर) खर्च करणे भाग पडले. हा कायदा पैशाविषयी बोलतो, माणसांच्या वेळेविषयी जवळजवळ गप्प आहे. जून २०१४ च्या एका परिपत्रकात कर्मचाऱ्यांनी अशा कामाला दिलेल्या तासांचा पगार खर्चात धरण्याची मुभा होती, पण ती टिकली नाही. कर्मचाऱ्यांच्या सहभागाला उत्तेजन द्यावे, मात्र त्याचे पैशांत मूल्य काढून ते या खर्चात दाखवू नये, अशी भूमिका कंपनी व्यवहार मंत्रालयाने पुढे स्पष्ट केली. मला ही भूमिका योग्य वाटते. एका व्यवस्थापकाच्या एका शनिवारची किंमत त्याच्या पगारावरून काढली, तर एक भिंत रंगवायला लाखभर रुपये लागले असे कागदावर दिसले असते आणि तेवढे पैसे खऱ्या कामातून वजा झाले असते.

मात्र याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की कर्मचाऱ्यांच्या सहभागाला स्वतःचा पैसाच उरला नाही. सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी एका खात्यात, कर्मचाऱ्यांचा उत्साह दुसऱ्या खात्यात, आणि दोहोंच्या मध्ये संस्था. स्वयंसेवकांची आखणी करणारा, त्यांना प्रशिक्षण देणारा, त्यांच्या मागे फोन करत बसणारा पूर्णवेळ समन्वयक हवा असे म्हटले की उत्तर येते, प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या पुढे नेता येत नाही. हे उत्तर मी अनेक बैठकांत ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी ते चुकीचे होते. नियमांमधली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनाला आहे. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाच्या आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापनावर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला आहे. वाचनवर्गांचा प्रकल्प असेल आणि त्यात वीस स्वयंसेवक दर आठवड्याला वाचन घेणार असतील, तर त्यांना सांभाळणारा समन्वयक हा त्या प्रकल्पाचाच खर्च आहे. तो मागायला संस्थांनी लाजू नये, आणि द्यायला कंपन्यांनी नियमाची ढाल पुढे करू नये.

समन्वयकावर माझा एवढा भर का, हे सांगण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. ‘प्रथम’ ही मुंबईत सुरू झालेली संस्था. तिच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ हे ग्रामीण भागातील मुलांच्या शिक्षणाचे सर्वेक्षण होत आले आहे, आणि घरोघर जाण्याचे काम करतात ते स्थानिक महाविद्यालयांचे विद्यार्थी, अध्यापक विद्यालयांतील प्रशिक्षणार्थी, छोट्या संस्थांचे तरुण. संख्याशास्त्र न शिकलेल्या हजारो तरुणांकडून देशभर तुलना करता येईल अशी माहिती गोळा करणे हे ऐकायला अशक्य वाटते. ते शक्य झाले, कारण काम त्यांच्या मापाने शिवलेले होते. जिल्ह्यातली तीस गावे, प्रत्येक गावात वीस घरे. गावाचे चार भाग करायचे, प्रत्येक भागात पाच घरे घ्यायची, दर पाचवे घर निवडायचे. मुलासमोर एकच कागद ठेवायचा: त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथपर्यंत सहज वाचते, तिथे खूण करायची. दोघांच्या जोडीला हे काम एका शनिवार-रविवारात पुरे होते. त्याआधी प्रशिक्षण होते, सराव होतो, आणि नंतर काही गावांत पुन्हा जाऊन माहिती तपासली जाते.

या रचनेत स्वयंसेवकाच्या सद्भावनेवर काहीही सोडलेले नाही, हे मला तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. त्याच्याकडे दोन दिवस आहेत हे गृहीत धरले, त्या दोन दिवसांत बसेल एवढेच काम कापून काढले, चूक कुठे होऊ शकते याचा आधी विचार केला आणि तपासणीची सोय ठेवली. तरीही ते काम खोटे-खोटे नाही. त्याच कागदावरून देशाला कळले की पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. माणूस येतो म्हणून काम शोधणे आणि काम आहे म्हणून माणूस शोधणे, यांतला फरक इथे डोळ्यांना दिसतो. काम असे कापून काढायला, शिवायला आणि तपासायला मात्र पगारी, अनुभवी माणसे लागतात. ती माणसे बिनपगारी स्वयंसेवकांमधून उभी राहत नाहीत.

पाणी फाउंडेशनच्या ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेतही हेच तत्त्व वेगळ्या रूपात होते. २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झालेली ही स्पर्धा दोन वर्षांत पंचाहत्तर तालुक्यांपर्यंत पोहोचली. महाराष्ट्र दिनी, १ मे रोजी, शहरांतून ‘जलमित्र’ म्हणून माणसे श्रमदानाला गावोगावी जात, त्यांत कंपन्यांचे गटही असत. पत्रकारांचे कॅमेरे साहजिकच त्यांच्यावर असत. पण ८ एप्रिल ते २२ मे हे पंचेचाळीस दिवस खोदत होते ते गावकरी, आणि त्याच्याही आधी गावातले निवडक लोक प्रशिक्षणाला जाऊन आले होते. उताराला आडवी, एका पातळीत चराची रेघ आखणे हे कौशल्याचे काम असते. ती रेघ चुकली तर पाणी जिरण्याऐवजी एका टोकाला जमून बांध फोडते. पुण्या-मुंबईहून सकाळी उतरलेल्या माणसाच्या हातात कुदळ यायच्या आत ती आखणी चुन्याने झालेली असे. पाहुण्याला फक्त खोदायचे होते, आणि तो चार तास खोदून दमून गेला तरी कामाचे नुकसान होत नसे. म्हणूनच त्या दिवसाचे फोटोही खरे वाटत. स्पर्धेविषयी आक्षेपही होते, विशेषतः पाणी अडवले तरी पिकांची निवड बदलल्याशिवाय टँकर थांबत नाही हा. पुढे २०२२ पासून संस्था शेतकरी गटांच्या ‘फार्मर कप’कडे वळली, यावरून तो आक्षेप अगदीच गैरलागू नव्हता असे म्हणता येईल. पण तो जलनीतीचा मुद्दा झाला.

एका दिवसाला शंभर हात लागतातच अशीही कामे असतात, हे मान्य केले पाहिजे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि ओसरले तेव्हा घरांत-दुकानांत चिखल मागे राहिला. तो वाळून दगड होण्याआधी बाहेर काढायला फावडे आणि घमेले घेतलेली माणसे हवी होती, विचारवंत नको होते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोझ शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये कचरा उचलायला सुरुवात केली, तिथेही गर्दीचा उपयोग झाला. पण वर्सोव्याची गोष्ट सांगताना आपण गर्दीवर थांबतो आणि आठवडे विसरतो. कचरा भरतीबरोबर परत येतो. शनिवार-रविवारी तिथे माणूस उभा राहिला, पुढच्या आठवड्यातही राहिला, आणि वर्षांमागून वर्षे राहिला, म्हणून एकदाच येणाऱ्याच्या दोन तासांनाही अर्थ आला. मुक्काम करणारा कोणीतरी असेल तर पाहुणा ओझे होत नाही.

आता दिनदर्शिकेकडे वळतो, कारण कंपन्या आणि संस्था यांच्यात मोठी ठिणगी इथे पडते, आणि यावर कोणी फारसे लिहीत नाही. ५ जून हा जागतिक पर्यावरण दिन. त्या दिवशी झाड लावण्याची मागणी इतकी असते की एप्रिलपासून फोन सुरू होतात. परंतु मोसमी पाऊस कोकणात येतो तोच ७ जूनच्या आसपास, पुण्यात त्याच्यानंतर, आणि मराठवाड्यात तो स्थिरावायला आणखी वेळ लागतो. ५ जूनला लावलेले रोप पहिल्या आठवड्यातच तापलेल्या जमिनीत उभे राहते. खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्यावेत, दोन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावावे, नंतर शेळ्यांपासून आणि वणव्यापासून राखावे आणि निदान दोन उन्हाळे पाणी घालावे, हे कोणताही शेतकरी सांगेल. या चार कामांपैकी रोप लावणे हे सर्वांत सोपे आणि सर्वांत कमी महत्त्वाचे. पण दर वर्षी माणसे येतात ती नेमकी त्याच कामाला. मे महिन्यात पाणी घालायला बस भरून कोणी आल्याचे मला तरी आठवत नाही.

दुसरी गर्दी फेब्रुवारी-मार्चची. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, उद्दिष्टे पुरी व्हायची असतात, आणि कंपन्यांना अचानक मुलांना शिकवावेसे वाटू लागते. त्याच आठवड्यांत दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, शाळेतला एक वर्ग परीक्षा केंद्राला दिलेला असतो, शिक्षकांची पर्यवेक्षणाची कामे लागलेली असतात. मुलांना खरी गरज असते जुलै ते डिसेंबर. उपाय अवघड नाही. करार करताना संस्थेने आपल्या कामाचे वर्ष समोर ठेवावे आणि त्यात स्वयंसेवक कुठे बसतो ते दाखवावे. जिथे बसत नाही तो महिना रिकामा ठेवावा. एवढी साधी गोष्ट होत नाही, कारण संस्थेला नकार देण्याची भीती वाटते.

कौशल्याधारित सेवा हा याच्यावरचा उतारा म्हणून गेली काही वर्षे सांगितला जातो, आणि त्यात बरेच तथ्य आहे. छोट्या संस्थेला भिंत रंगवणाऱ्यापेक्षा हिशेब तपासणारा मनुष्य अधिक मोलाचा. १ एप्रिल २०२१ पासून सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी घेणाऱ्या संस्थेला ‘सीएसआर-१’ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते. देणगीदारांचा तपशील ‘१०बीडी’ या विवरणात ३१ मेपर्यंत प्राप्तिकर विभागाकडे द्यावा लागतो. संस्थेच्या करमाफीची ‘बारा-ए’ आणि देणगीदारांच्या करसवलतीची ‘ऐंशी-जी’ या नोंदण्यांची नूतनीकरणे वेगळीच. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या संस्थेत हे सगळे करणारा माणूस बहुधा तोच असतो, जो सकाळी मुलांना गोळा करून शाळेत पोहोचवतो. एखाद्या कंपनीच्या लेखा विभागातला कोणी वर्षातून सहा दिवस त्याच्या शेजारी बसला, तर त्याचे ओझे खरोखर हलके होते. पण इथेही एक धोका आहे, जो मी जवळून पाहिला. दोन हुशार तरुणांनी आमच्यासाठी हजेरीची संगणकप्रणाली करून दिली. ती सुंदर होती. चार महिन्यांनी एकाची बदली झाली, दुसऱ्याने नोकरी सोडली, आणि एके दिवशी ती उघडेना. आम्ही पुन्हा वहीकडे वळलो, मधल्या चार महिन्यांची हजेरी मात्र आतच राहिली. देणाऱ्याने हात काढून घेतल्यावर जे चालत नाही, ते घेताना शंभरदा विचार करावा.

मुलांबरोबरच्या कामात तर संस्थेने उदारपणा दाखवण्याचे काहीच कारण नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा आणि २०१५ चा बाल न्याय कायदा यांनी संस्थांवर स्पष्ट जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. बालगृहातल्या मुलाची ओळख किंवा छायाचित्र प्रसिद्ध करणे हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा ठरतो. तरीही बालगृहात वाढदिवस साजरा करून मुलांबरोबरची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकणारे स्वयंसेवक आपण रोज पाहतो. स्वयंसेवक मुलाबरोबर एकटा राहणार नाही, छायाचित्र संस्थाच काढेल आणि संस्थाच ठरवेल, हे नियम पहिल्या दहा मिनिटांत सांगावेत. ज्याला त्यांचा राग येतो, त्याने दुसरे काम घ्यावे.

आतापर्यंत कंपन्यांना बरेच बोललो. संस्थांचे दोष कमी नाहीत. आलेल्या माणसाला तासभर खुर्चीवर बसवून ठेवणे, मग जुन्या फायली लावायला देणे, दुसऱ्या आठवड्यात तो आला नाही तर त्याला फोनही न करणे, आणि “आजकालच्या मुलांना चिकाटी नाही” असे म्हणून मोकळे होणे, हे मी आमच्याकडेही घडताना पाहिले आहे. यापेक्षा गंभीर दोष असा की स्वयंसेवकांच्या जोरावर संस्था पगारी माणसांचे काम स्वस्तात उरकू लागतात. आमच्या बालवाडीच्या ताई त्याच वस्तीत राहणाऱ्या, प्रत्येक मुलाचे घर, त्याच्या बापाचे व्यसन आणि आईच्या कामाच्या वेळा ओळखणाऱ्या. त्यांचे मानधन महिन्याला जेवढे होते, तेवढे त्या शनिवारच्या जेवणावर खर्च झाले. शनिवारी इंग्रजी शिकवायला येणाऱ्या अभियंत्याला प्रमाणपत्र मिळते, त्याच्या कंपनीच्या मासिकात त्याचे छायाचित्र येते. आठवड्याचे बाकीचे दिवस मुलांना सांभाळणाऱ्या ताईला त्या मासिकात ‘स्थानिक सहकारी’ असे म्हटलेले असते. स्वयंसेवकाने ताईचे काम घ्यावे की ताईला हवी ती मदत करावी, हा प्रश्न कार्यक्रमाच्या पहिल्या बैठकीत त्या ताईच्या उपस्थितीत विचारला गेला पाहिजे. तिला त्या बैठकीला बोलावण्याची पद्धत नाही, हे मी माझ्यासकट सर्वांच्या नावावर लिहितो.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावा लागेल. एक दिवसाचा कार्यक्रम कामासाठी नसतोच, तो डोळे उघडण्यासाठी असतो, असे कंपन्यांतील काही जाणती मंडळी म्हणतात. हिंजवडीत काम करणाऱ्या आणि वाघोलीत राहणाऱ्या तरुणाने आयुष्यात वस्तीत पाऊल ठेवलेले नसते. त्याने ते एकदा ठेवले तर त्याचे मत, मतदान, दान, कदाचित आयुष्यही बदलेल. हे खोटे नाही. आमच्याकडे नियमितपणे येऊ लागलेल्यांपैकी बरेच जण अशाच एखाद्या दिवशी पहिल्यांदा आले होते. पण मग त्या दिवसाला भेट म्हणावे, सेवा म्हणू नये. भेटीला बासष्ट जण लागत नाहीत, दहा पुरतात. तिला रंगाचे डबे लागत नाहीत. ताईंशी तासभर बोलणे, वस्तीतून एक फेरी आणि प्रश्न विचारायला मोकळीक एवढे पुरे. आणि भेट घडवून आणण्याचा खर्च पाहुण्याने द्यावा, कारण शिकला तो पाहुणा. कर्मचाऱ्यांचे मन प्रसन्न व्हावे, संघभावना वाढावी, हा हेतू असेल तर त्यासाठी वेगळी सहल काढायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

मोजमापाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. कंपन्यांच्या अहवालात स्वयंसेवेचे तास लिहिले जातात, कारण तास मोजणे सोपे असते. आपल्याकडे ही सवय महाविद्यालयातच लागते. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास द्यावेत असे बंधन आहे. त्या योजनेचा मी निंदक नाही. सात दिवसांच्या निवासी शिबिरात खेड्यातल्या शाळेच्या ओसरीवर झोपलेला शहरी मुलगा काहीतरी घेऊनच परततो. पण शिबिरातून तो काय घेऊन आला हे कोणी विचारत नाही, तास भरले का हे मात्र विचारतात. आमच्या हिशेबाप्रमाणे त्या शनिवारी बासष्ट जणांचे मिळून सुमारे पावणेतीनशे तास भरले. तेवढेच तास एका माणसाने दर गुरुवारी दोन-दोन तास येऊन दिले असते, तर त्याला अडीच वर्षे लागली असती, आणि अडीच वर्षांत त्याने पाच-सहा मुलांना वाचते केले असते. अहवालात दोन्ही ओळी सारख्याच दिसतात. मी असतो तर तास सोडून दोनच गोष्टी विचारल्या असत्या: सहाव्या महिन्यात किती जण अजून येत होते, आणि ताईंचे काम त्यामुळे हलके झाले की वाढले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ताईंनी द्यावे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष स्वयंसेवकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. म्हणजे बस, फलक आणि टी-शर्ट यांचा खप या वर्षी वाढणार हे उघड आहे. संस्थांनी त्याआधी आपल्या करारात एक कलम घालून घ्यावे असे मला वाटते: दहाहून अधिक माणसे आणायची असतील तर एक महिना आधी कळवावे, त्यांच्या आयोजनाचा खर्च प्रकल्पाच्या निधीखेरीज वेगळा द्यावा, आणि काम नसेल तर संस्थेने नाही म्हटल्याचा परिणाम निधीवर होणार नाही हे लेखी द्यावे. शेवटचे वाक्य वाचून कंपनीचे अधिकारी दुखावतात, असा माझा अनुभव आहे. आम्ही असे कधी करू का, असे ते विचारतात. करत नसाल तर लिहून द्यायला अडचण कसली, एवढेच त्यावर म्हणावे.

आम्ही हे कलम दुसऱ्या वर्षी घातले. त्या वर्षी त्याच कंपनीने पुन्हा शंभर माणसे देऊ केली, तेव्हा आम्ही पाच मागितली, दर गुरुवारी संध्याकाळी, जुलैपासून. पाच आली. दिवाळीनंतर तीन उरली, त्यातली एक लेखा विभागातली होती आणि पुढे ‘१०बीडी’चे विवरण तिच्याकडेच गेले. भिंत मात्र आम्ही पुन्हा रंगवली नाही. ताईंनी काळ्या खडूने ‘ह’ आणि ‘क्ष’च्या डब्यांमधल्या जागेत एक छोटा डबा काढून त्यात ‘ळ’ लिहिला होता. तो दर पावसाळ्यात ओल येऊन पुसला जाई आणि त्या दर वर्षी तो पुन्हा काढत.